शेवटची खेप

"आलात का हो वहिनी लेकीकडून? महिनाभर तुमच्या जास्वंदीला कुंपणावरून मीच पाणी घालत होते."

"परवाच आले. जावयांनी फ्लोरिडात 'अटलांटिस' दाखवलं. यान हो! सुनीता विल्यम्स २००७ साली ज्यातून परत आली ना, तेच."

"चकचकीत असेल."

"कसलं चकचकीत! पोटाखालच्या फरशा करपलेल्या. ३३ खेपा झाल्यात त्याच्या. शेवटची २०११ च्या जुलैत. एरवी सहा-सात माणसं जायची, त्या खेपेला चारच."

"का, तिकीट परवडेना?"

"करा चेष्टा! 'कोलंबिया' गेलं, कल्पना चावला होती ना त्यात, तेव्हापासून वर काही बिघडलंच तर आणायला जायची सोय ठेवायचे. आता मागे पाठवायला काही उरलंच नव्हतं. अडकले असते तर एकेकानं रशियाच्या 'सोयुझ'मधून यायचं. त्यासाठी चौघांच्या मापाचे रशियन पोशाखही शिवून ठेवलेले."

"देवा!"

"त्यात उडायच्या ३१ सेकंद आधी घड्याळ थांबलं. वरचा एक दांडा पुरता मागे सरकलाय की नाही, कळेना. कॅमेऱ्यातून बघितलं, मग सोडलं. अंतराळ स्थानकावर वर्षभराची बेगमी पोचवून पहाटे सहाला तीन मिनिटं कमी असताना उतरलं. उतरताना इंजिन नाहीच हो, नुसतं तरंगत यायचं. चुकलं तर दुसरी फेरी नाही."

"आणि पुढे?"

"पुढे काय! नऊ वर्षं रशियाला भाडं मोजून जात होते. कोपऱ्यावरच्या बंगल्यासारखं. जुना जिना पाडलाय, नव्याचा पत्ता नाही, शेजाऱ्यांच्या शिडीनं गच्चीवर चढतात. मला नाही पटलं."

"मला पटलं बाई. 'चॅलेंजर'मध्ये सात, 'कोलंबिया'त सात. किती जीव घालवायचे?"

"तेही आहेच म्हणा. पण गंमत ऐका. १९८१ च्या पहिल्या उड्डाणात नेलेला एक छोटा झेंडा ते स्थानकावर ठेवून आले. अमेरिकेच्या भूमीवरून पुढे जे पहिले येतील, त्यांनी तो परत न्यायचा. २०२० साली स्पेसएक्सच्या यानातून दोघं गेले, आणि त्यातला एक कोण? त्या चौघांतलाच डग हर्ली! स्वतः ठेवलेला झेंडा स्वतःच घेऊन आला."

"नऊ वर्षांनी?"

"नऊ वर्षांनी."

"मग वहिनी, माझा अनारशांचा डबा दिवाळीपासून तुमच्याकडे आहे. तो तेवढा आजच द्या."