साडेआठ लिटरचा बर्गर

ज्या गावात डेअरी, त्या गावात एक तात्या असतोच. आमच्या सारोळ्यातले तात्या रुपये मोजत नाहीत, लिटर मोजतात. मोबाइलचा रिचार्ज नऊ लिटर, नीरेचा पूल ओलांडून शिरवळला केलेली दाढी दोन लिटर, पुतणीच्या लग्नातला ५०१ चा आहेर पंधरा लिटरला नऊ रुपये कमी. सरकारने २०२३ साली ३.५ फॅट, ८.५ एसएनएफच्या (म्हणजे फॅट सोडून उरलेल्या घनांशाच्या) गायीच्या दुधाला ३४ रुपये दर ठरवला, तेव्हापासून तात्यांच्या चलनाचा भाव हाच. प्रत्यक्षात हातात किती पडले, हे मात्र त्यांना विचारू नये. चहा गार होतो.

मागच्या सोमवारी त्यांना डोळे तपासायला पुण्याला नेलं. जाताना नसरापूरला थांबून बनेश्वराचं दर्शन घेतलं. दवाखान्यात डोळ्यांत थेंब घातले. परतताना मला हौस आली, एका मोठ्या साखळीच्या दुकानात तात्यांना ‘प्रीमियम’ बर्गर खिलवायची. दुकानाचं नाव सांगत नाही.

आत शिरताच तात्यांनी विचारलं, “ऑर्डर घ्यायला पोरगं कुठंय?”

“तात्या, इथं आपणच पोरगं,” म्हणत मी पडद्यावर बोट टेकवलं. सोमवार, म्हणून पनीरचा घेतला. थेंबांमुळे तात्यांना समोरचा माणूस धड दिसत नव्हता, पण २८९ चा आकडा बरोबर दिसला.

“साडेआठ लिटर!” ते एवढ्या जोरात म्हणाले की शेजारच्या टेबलावरच्या मुलीने आपला कोल्ड्रिंकचा ग्लास तपासला. “आमच्या दुधात साडेआठ एसएनएफ नसलं तर दर कापत्यात. ह्यांच्या मालाला मशीन कोण लावतं?”

बर्गर आला. गाय घेताना जाणता माणूस आधी सड बघतो. तात्यांनी वरचा पाव उचलला, सॅलडचं पान बाजूला सारलं, पनीरची वडी बोटानं दाबली, वर चिकटलेलं चीज नखानं उचकटलं. मग हिशेब सुरू झाला. लिटरभर गायीच्या दुधाचं पनीर निघतं दीडशे ग्रॅमच्या आसपास. ही वडी फार तर पाऊणशे ग्रॅमची. म्हणजे अर्धा लिटर. सतरा रुपये.

“आणि पनीर म्हंजे काय? फाटलेलं दूध! आपलं दूध फाटलं तर घरात बोंब हुती. ह्यांनी मुद्दाम फाडलं आन् वर २७२ रुपये घेतले.”

बर्गर मुळात अमेरिकेचा, गोमांसाचा, हे मी त्यांना सांगितलं नाही. १९९६ साली मॅकडोनाल्ड भारतात आलं तेव्हा गोमांस दाराबाहेर ठेवून आलं आणि बटाट्याच्या टिक्कीवर जम बसवला. या देशात बर्गरला पोट भरायचं तर बटाटेवड्याच्या भाऊबंदांत सामील व्हावं लागतं. तात्यांसमोरचा हा त्यातलाच, फक्त मळ्यातून उठून गोठ्यात आलेला.

हिशेब संपवून तात्या खाऊ लागले. तोंडात मावेना म्हणून आधी वरचा पाव, मग मधला माल, शेवटी खालचा पाव, असा तीन हप्त्यांत. मधे एकदा “मिरची आंबलीय,” म्हणाले, एकदा “पाव गोड का?” म्हणाले. त्यानंतर बोलणं बंद. कागदाला लागलेलं चीजसुद्धा त्यांनी बोटानं पुसून घेतलं. इतका वेळ तात्या गप्प बसलेले मी कीर्तनातही पाहिलेले नाहीत.

निघताना काउंटरवरच्या मुलीला त्यांनी गाठलंच. “बाळ, फॅट किती लागतं ह्याला?”

“सर, कॅलरीज वर लिहिल्यात.”

तात्यांनी वर पाहिलं. धुरकट डोळ्यांना काही दिसलं नाही, पण मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीच्या रांगेत किटल्या टेकवून सगळे त्यांच्याभोवती जमले. पुण्याचा बर्गर कसा होता, हे गावाला ऐकायचं होतं. तात्यांनी किंमत लिटरमध्ये सांगितली, दूध फाडण्याची गोष्ट दोनदा सांगितली, लोक मनसोक्त हसले. शेवटी कुणीतरी विचारलं, “पण लागला कसा?”

तात्यांनी किटलीचं झाकण लावलं.

“माल बिनपाण्याचा हुता.”