पाहुण्यांसमोर बिथरलेली हार्डडिस्क : शास्त्रोक्त उपचार

बैठकीत पाहुणे बसलेले, साखरपुड्याचा व्हिडिओ हार्डडिस्कमध्ये, आणि लिनक्स म्हणतो, ‘इनपुट-आउटपुट एरर’. छत्रपती संभाजीनगरातील सद्गृहस्थाने अशा वेळी पुढीलप्रमाणे वागावे.

१. आधी घाबरून घ्यावे. ही पायरी कोणालाच चुकलेली नाही, लवकर उरकावी.

२. मामांना पान आणायला उस्मानपुऱ्याला पाठवावे. मामांना संगणकावरचा एकच उपाय ठाऊक असतो : फॉरमॅट.

३. मग यंत्राचे गाऱ्हाणे ऐकावे. टर्मिनलमध्ये ‘सुडो’ लिहून पुढे डी-एम-ई-एस-जी ही अक्षरे टंकावीत. कर्नलची रोजनिशी उघडते. डिस्क सारखी ‘डिस्कनेक्ट’ होत असेल, तर संशय वायरीवर. ‘मीडियम एरर’ दिसली, तर दुखणे खुद्द डिस्कचे. थेट सातवी पायरी गाठावी.

४. नळाला पाणी आले नाही म्हणून या शहरात कोणी नळ बदलत नाही. जो तो जायकवाडी धरणाहून येणाऱ्या जलवाहिनीला बोल लावतो. इथेही तोच न्याय. केबल बदलावी, हब काढावा, सीपीयूच्या मागच्या पोर्टात डिस्क जोडावी. यूएसबी २ च्या पोर्टात ५०० मिलिअँपिअरची सोय, यूएसबी ३ मध्ये ९०० ची. त्यावर हब लावून माऊस, पंखा, फोन जोडले की डिस्कची गत गल्लीतल्या शेवटच्या घरासारखी होते.

५. एल-एस-बी-एल-के टंकून कोणती डिस्क घरची, कोणती पाहुणी, हे पाहावे. एक टीबीची डिस्क ‘९३१.५जी’ दिसेल. दुकानदाराशी भांडू नये. कंपनी हजाराने मोजते, लिनक्स १०२४ ने.

६. डिस्क ‘रीड-ओन्ली’ होऊन बसली, तर ती आधी कोणाच्या विंडोजला लावली होती, हे विचारावे. विंडोज कधी कधी बंद न होता नुसते डोळे मिटते. तिथेच परत जोडून, शिफ्ट दाबून नीट शटडाऊन करावे. माउंट असलेल्या डिस्कवर दुरुस्तीचे एफ-एस-सी-के चालवू नये. धावत्या रिक्षाचे पंक्चर कोणी काढत नाही.

७. ‘मीडियम एरर’ दिसल्यास किंवा आतून टिकटिक ऐकू आल्यास डागडुजी करू नये. आधी डीडीरेस्क्यूने दुसऱ्या डिस्कवर नक्कल काढावी, मग उपचार नकलेवर.

८. बहुधा केबलच खराब निघते. ती टाकून द्यावी, असे शास्त्र सांगते. घरात मात्र ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून ती ड्रॉवरमधल्या तशाच अकरा केबलींत जाते. पुढच्या समारंभाला पहिल्यांदा हाताला लागते ती तीच.