जांघेला जरा सुखानं राहू द्या

पावसाळा आला की मांडीला मांडी घासते. दिवसभर अंगावर वाळणारी ओली जीन्स, काचणारं इलॅस्टिक, लोकलमधला घाम, स्वच्छतागृह नाही म्हणून तासन्‌तास न बदललेलं पॅड. कातडी सोलवटते आणि लघवीचा थेंब लागला तरी चरचरते. घासणं थांबलं, जागा कोरडी राहिली तर असं वरवरचं खरचटणं चार-आठ दिवसांत आपलं आपण भरून येतं.

पण आपण त्याला भरू देत नाही. आधी साबणानं खसाखसा धुणं, मग जंतुनाशकाचा बोळा, वर पावडर, आणि कुणी सुचवलं म्हणून लिंबूसुद्धा! बायकांसाठी बाजारानं सुगंधी बाटल्या मांडल्यात. योनिमार्गातले लॅक्टोबॅसिलस जिवाणू आम्ल तयार करून तिथला पीएच साधारण ३.८ ते ४.५ राखतात. आतली सफाई शरीरच करतं, बाहेरून साधं पाणी पुरतं. बाईला तिच्याच शरीराची किळस वाटायला लावून बाटली खपवणं संतापजनक आहे.

त्याहून मोठा घात मेडिकलच्या काउंटरवर होतो. डॉक्टरला दाखवायची लाज, म्हणून हळूच ‘खाजेची ट्यूब’ मागायची. हातात येतं ते बऱ्याचदा स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक यांचं मिश्रण. दोन दिवसांत आग शमते, माणूस खूश. खाज गजकर्णाची असेल तर बुरशी मात्र पसरत राहते, चट्ट्याची कड पुसट होते आणि नंतर डॉक्टरलाही ओळखणं कठीण जातं. फेल्डमन आणि मायबाख यांनी १९६७ साली मोजून दाखवलं होतं की, हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड कोपराखालच्या हातापेक्षा वृषणाच्या कातडीतून ४२ पट शोषलं जातं. जांघेत जोरकस स्टेरॉइड चोळत राहिलं की कातडी पातळ होते, लाल रेघा उठतात. पुढे त्या फिक्या पडतात, पण पुसल्या जात नाहीत. केंद्र सरकारनं २०१८ मध्ये ही मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचीच नाहीत. तरी ती मागितली की मिळतात. दुकानदाराला कुणी विचारत नाही आणि गिऱ्हाईक लाजेनं गप्प.

करायचं फार थोडं आहे. कोमट पाण्यानं धुवा, पुसू नका, टिपा. सैल सुती कपडे घाला, रात्री आत काही नको. पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावा. वस्तरा आणि संबंध, दोन्हींना चार दिवस सुट्टी. आठवड्यात उतार नाही, गोल कड धरून चट्टा वाढतोय, फोड, पू किंवा वेगळ्या वासाचा स्राव दिसतोय, तर थेट त्वचारोगतज्ज्ञ किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ गाठा. खाज वारंवार उलटत असेल तर रक्तातली साखर तपासा; काहींचा मधुमेह असाच पहिल्यांदा कळतो.

घरात चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा असेल तर हे त्याला आजच सांगा. कदाचित तो मित्राची अर्धी वापरलेली ट्यूब लावत असेल.