हॉस्पिटल पास व्हाया भोसरी

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात फुटबॉल नाही, असं म्हणणाऱ्याने एप्रिल महिन्यात कुठल्याही कंपनीच्या कॉन्फरन्स रूमच्या दाराला कान लावावा. आत ‘किक-ऑफ’ चालू असतो. ज्याचे-त्याचे ‘गोल’ वाटले जात असतात. मार्चमध्ये गोलपोस्ट जागेवर सापडत नाही, तो भाग वेगळा. प्लांट हेड ‘अटॅकिंग खेळा’ म्हणतात, मेंटेनन्स लगेच डिफेन्समध्ये जातं, परचेस ऑफसाइड सापडतं, आणि क्वालिटीवाला रेफ्री असल्यामुळे कॅन्टीनमध्ये त्याच्या टेबलावर कुणी बसत नाही. सेफ्टी शूज न घालता शॉपमध्ये दिसलात तर यलो कार्ड, पुन्हा दिसलात तर रेड. सगळं आहे. चेंडू तेवढा आत आणू देत नाहीत, त्याला मटेरियल गेटपास लागतो.

गंमत म्हणजे हा खेळ वाढला तो कारखान्यांच्याच आवारात. आर्सेनल हा क्लब 1886 मध्ये वुलविचच्या तोफा-दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या कामगारांनी काढला. मँचेस्टर युनायटेडची मूळ मंडळी, 1878 ची, न्यूटन हीथच्या रेल्वे-डब्यांच्या वर्कशॉपमधली. वेस्ट हॅमवाले टेम्सकाठच्या जहाजाच्या कारखान्यातले, म्हणून त्यांच्या बिल्ल्यावर अजून दोन हातोडे आहेत. कामगाराला खेळायला वेळ मिळाला, कारण 1850 च्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरण्यांमधलं बायका-पोरांचं काम शनिवारी दुपारी दोनला थांबवलं आणि त्यांच्यामागोमाग हळूहळू बाकीची यंत्रंही थांबू लागली. शनिवारी तीनला मॅच, ही तिकडची रीत तिथून आली. आपल्याकडची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. ती कामगाराला नसून विजेला असते. कामगार तिच्यासोबत घरी बसतो. त्या दिवशी पाण्याची मोटार चालत नाही, दळण राहतं, आणि पोरांची शाळा मात्र भरलेली असते. तेव्हा संघ जमवायचा कुणाला घेऊन?

चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला 2009 च्या मार्चअखेरीस. त्याच वर्षीच्या मे महिन्यात याच कंपनीच्या मालकीचा वुल्फ्सबर्गचा क्लब जर्मनीचा विजेता झाला. तिकडून आपल्याकडे प्रेस आल्या, रोबो आले, वेळेवर येणारे साहेब आले. क्लब बहुधा कस्टममध्ये अडकला.

शब्द मात्र सुटून आले. त्यातला आपल्या मातीत सगळ्यात जोमाने रुजलेला म्हणजे ‘हॉस्पिटल पास’. समोरून दोन आडदांड गडी अंगावर धावून येताना दिसले की चेंडू आपल्याच सोबत्याकडे असा ढकलायचा, की चेंडू आणि ते दोघं एकदमच त्याच्यापर्यंत पोचतील. आपल्या पायातून चेंडू गेला, आपली जबाबदारी संपली. आता चाकणची चाल बघा. सेकंड शिफ्टला लाईनवर एका ब्रॅकेटचं भोक जुळत नाही. लाईन थांबते. गाडी बनवणारी कंपनी चेंडू देते टियर-वनला. टियर-वनचा क्वालिटी मॅनेजर रात्री साडेअकराला, अंथरुणातूनच, पहिल्या टचमध्ये तो टियर-टूकडे काढतो. टियर-टू व्हॉट्सॲपवर दोन फोटो टाकून, भोकाभोवती लाल गोल काढून तो थेट भोसरीत मारतो. भोसरीच्या गाळ्यात दोन प्रेस आणि एक ड्रिलिंग मशिन घेऊन बसलेला जॉबवर्कवाला सकाळी शटर वर करतो, तर दारात परत आलेला माल, ‘सॉर्टिंगला चार माणसं पाठवा’ असा निरोप आणि लाईन थांबल्याच्या मिनिटांचा हिशेब लावलेली डेबिट नोट. ड्रॉइंग बदललं होतं आणि नवं ड्रॉइंग त्याच्यापर्यंत कुणी पोचवलंच नव्हतं, ही बाब पंचनाम्यात येत नाही. त्या पंचनाम्याला एट-डी रिपोर्ट म्हणतात. त्यात ‘मूळ कारण’ नावाचा रकाना असतो आणि त्यात ‘ऑपरेटरचं दुर्लक्ष’ असं लिहिल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. तिकडे मैदानात पडलेल्याला निदान स्ट्रेचर मिळतं. इकडे लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकते करा, असं 2006 चा कायदा सांगतो. गाळेवाल्याला कायदा पाठ असतो, पण वरच्या कंपनीच्या अकाउंट्सला फोन लावला की तिथला माणूस नेमका जागेवर नसतो. हा कायदा दाखवून पैसे मागणारा गाळेवाला पुढच्या ऑर्डरला बेंचवर बसतो, म्हणून तो दाखवत नाही.

दुसरा शब्द ‘बस लावणे’. 2004 च्या सप्टेंबरात टॉटनहॅमने चेल्सीला एकही गोल करू दिला नाही, सामना शून्य-शून्य सुटला आणि चेल्सीचे प्रशिक्षक जोझे मौरिन्यो चिडून म्हणाले, की यांनी गोलसमोर बसच आणून उभी केली. जगाने ती उपमा डोक्यावर घेतली. मौरिन्यो दुपारी तीननंतर चाकणच्या तळेगाव चौकात आले असते तर एका बसचं त्यांना एवढं काही वाटलं नसतं. फर्स्ट शिफ्ट सुटलेली, सेकंड शिफ्ट निघालेली, चारी दिशांना कंपन्यांच्या बस, मध्ये नव्याकोऱ्या गाड्या लादलेला ट्रेलर वळणावर आडवा. असा बचाव इटलीलाही कधी जमला नाही. फक्त दुचाकीवाला दोन कंटेनरच्या चाकांमधून आरपार निघतो. समोरच्याच्या दोन पायांमधून चेंडू काढण्याला तिकडे ‘नटमेग’ म्हणतात आणि त्यावर टाळ्या पडतात, इकडे आईवरून शिव्या पडतात.

कार्डांची कल्पनाही चौकातलीच आहे. 1966 च्या विश्वचषकात इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यात कुणाला समज दिली आणि कुणाला बाहेर काढलं याचा गोंधळ झाला. पंचांचे प्रमुख केन ॲस्टन लंडनमध्ये गाडीतून घरी जाताना सिग्नलला थांबले आणि पिवळा-लाल पाहून त्यांना कार्डं सुचली. 1970 मध्ये मेक्सिकोत ती पहिल्यांदा खिशात आली. ॲस्टन नाशिक फाट्याकडून चाकणला निघाले असते तर कार्डांच्या जोडीला दंडाचं पावतीपुस्तक, नाक्यावरची तडजोड आणि ‘साहेबांशी बोला’ हे तीनही नियम त्यांना मोशीच्या आधीच सुचले असते.

एक्स्ट्रा टाइमचंही तसंच. फुटबॉलमध्ये तो तीस मिनिटांचा, आणि बरोबरी झाली तरच. 1948 च्या कारखाने कायद्याने जादा वेळेला दुप्पट मजुरी ठरवून दिली. सुपरवायझर ‘रिलिव्हर आला नाही रे, थोडा थांब’ एवढंच म्हणतो. 2025 च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातली रोजची मर्यादा नऊ तासांवरून बारा करायला आणि तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा 115 तासांवरून 144 करायला मंजुरी दिली. बरोबरीची अट त्यात कुठे वाचनात आली नाही.

फ्री ट्रान्सफर मात्र आपण युरोपपेक्षा आधीपासून करतो. तिकडे 1995 मध्ये बोस्मान नावाच्या बेल्जियन खेळाडूने कोर्टात जाऊन मिळवलं, की करार संपला की खेळाडू कुठेही जायला मोकळा. आपल्याकडे ठेकेदाराकडून लागलेला मुलगा दर सात महिन्यांनी मोकळा होतो. 240 दिवस सलग भरले तर हक्काची भाषा सुरू होते, म्हणून त्याआधीच ‘ब्रेक’ देतात. मग तोच मुलगा, तीच लाईन, तोच लॉकर, नवा ठेकेदार. आणि अख्ख्या मैदानाचीही ट्रान्सफर होते: तळेगावचा जनरल मोटर्सचा प्लांट ह्युंदाईकडे गेला. जमीन गेली, इमारती गेल्या, यंत्रं गेली. जुने खेळाडू त्या सौद्यात धरलेले नव्हते. ते कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले.

राहता राहिले खरेखुरे क्लब. मुळा नदीपलीकडे बालेवाडीला 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलेलं भलंमोठं संकुल आहे. तिथे पुणे एफसी खेळला, भारत एफसी एका मोसमापुरता खेळला, डीएसके शिवाजीयन्स येऊन गेला. एफसी पुणे सिटी 2014 मध्ये वाजतगाजत आला, मालकांत हृतिक रोशन, संघात फ्रान्सचा त्रेझेगे. 2019 मध्ये गाशा गुंडाळून त्याचा परवाना हैदराबादला गेला. या भागात गाड्यांची मॉडेलंसुद्धा याहून जास्त टिकतात, आणि बंद पडल्यावर त्यांचे सुटे भाग तरी मिळतात. दरम्यान 15 सप्टेंबर 2017 ला राज्य सरकारने एका दिवसात दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा विक्रमी संकल्प सोडला. तो दिवस शुक्रवार होता. शनिवारी पीटीच्या तासाला गणिताच्या बाई आल्या असाव्यात.

आता वाकड, रावेत, मोशी इकडे टर्फ झालेत, तासावर भाड्याने मिळतात, आणि एचआर तिथे ‘टीम बिल्डिंग’ नेतं. अशाच एका संध्याकाळी एचआरच्या मॅडम सगळ्यांच्या पोझिशन ठरवत होत्या. साहेब लोक आपापल्या ग्रेडप्रमाणे स्ट्रायकर झाले. कोपऱ्यात कोल्हापूरचा एक पोरगा बुटाची नाडी बांधत होता. पाटाकडील आणि शिवाजी या तिथल्या संघांच्या सामन्यांना शाहू स्टेडियमच्या कठड्यावर बसून मोठा झालेला. अख्ख्या टर्फवर पायात चेंडू ठरेल असा तो एकटाच. मॅडमनी हातातली यादी पाहिली, त्याच्याकडे पाहिलं आणि कौतुकाने विचारलं, “यू आर बॉक्स-टू-बॉक्स, राइट?”

“व्हय की मॅडम,” पोरगा म्हणाला, “डिस्पॅचलाच हाय मी.”