ताशी 255 लिटर

गाडीवर पैसे उधळायचे ठरले की ते कुठे जाणार, याचा क्रम ठरलेला असतो. आधी अलॉय व्हील. मग सायलेन्सर, म्हणजे खरं तर सायलेन्सर काढून त्याच्या जागी बसवलेली ती जाडजूड नळी, जिच्यामुळे सोसायटीतल्या ज्येष्ठ नागरिकांना पहाटे फिरायला उठण्यासाठी गजर लावावा लागत नाही. मग एअर फिल्टर, मग रिमॅप, मग मागच्या काचेवर तिरक्या अक्षरांतला स्टिकर. या यादीत फ्युएल पंप कधीच नसतो. तो दिसत नाही, धड चालला तर ऐकू येत नाही, आणि त्याच्यासोबत फोटो काढायचा तर मागची सीट उचलून टाकीत डोकं घालावं लागतं.

माझ्या भाच्याकडे जुनी ऑक्टाव्हिया व्हीआरएस आहे. 1.8 लिटरचं टर्बो इंजिन, कारखान्यातून निघताना 150 अश्वशक्ती. या गाडीचे मालक म्हणजे एक पंथच आहे. रस्त्यात एकमेकांना पाहिलं की हेडलाइट मारतात, आणि दुर्मिळ पार्ट कुठे मिळाला हे मात्र सख्ख्या भावाला सांगत नाहीत. भाच्याने तिला मोठा टर्बो बसवायचं मनावर घेतलं. लक्ष्य 300 अश्वशक्ती. मी सहज विचारलं, एवढ्या इंजिनाला पेट्रोल पुरवणार कोण? तो म्हणाला, "मामा, त्याचं टेन्शन नाही. दोनशे पंचावन्नवाला पंप टाकायचा. विषय संपला."

255 म्हणजे ताशी 255 लिटर. वॉल्ब्रो या अमेरिकन नावाचा या मापाचा पंप जगभरच्या टर्बोवेड्यांमध्ये इतका गाजला की जपानी असो, जर्मन असो, गाडी वेगवान करायची म्हटली की हा आकडा आपोआप तोंडात येतो. गाडी कुठली, इंजिन केवढं, हे नंतर.

आमच्या पिढीला पंप ठाऊक झाला तो प्रीमियर पद्मिनीमुळे. तो टाकीत नसे, इंजिनाच्या अंगाला चिकटलेला असे. कॅमशाफ्टच्या धक्क्याने आतला रबरी पडदा खालीवर व्हायचा आणि पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जायचं. मे महिन्यात कसारा घाट चढताना इंजिनाच्या धगीने पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची. मग तो पडदा बिचारा वाफच ढकलत बसायचा आणि गाडी ऐन वळणावर मान टाकायची. उपाय सर्वांना पाठ होता. बॉनेट उघडायचं, पंपावर ओलं फडकं ठेवायचं, आणि पंप निवेपर्यंत रस्त्याच्या कडेला पोळीभाजीचा डबा उघडायचा. घाटात बॉनेट वर करून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग आणि त्या रांगेत एकमेकांना दिलेली लोणच्याची फोड, हा त्या पंपाच्या अकार्यक्षमतेचाच प्रसाद होता. तो रुसला तर तासभर जायचा, बाकी काही नाही.

टर्बो गाडीचा पंप रुसला तर पिस्टन जातो. टर्बो जास्त हवा कोंबतो, म्हणून त्या प्रमाणात पेट्रोलही जास्त लागतं. नेमकं पूर्ण बूस्टवर पेट्रोल कमी पडलं की मिश्रण लीन होतं, जळण तापतं, नॉकिंग सुरू होतं आणि ॲल्युमिनियमच्या पिस्टनचा माथा वितळायला लागतो. मी एका गॅरेजमध्ये असा पिस्टन पेपरवेट म्हणून ठेवलेला पाहिला आहे. माथ्याच्या कडेला करंगळी जाईल एवढं भोक, आणि भोकाच्या काठाला वितळून ओघळलेला धातू. मिस्त्री त्याच्याखाली बिलं ठेवतो. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की पिस्टन उचलून बिल काढतो आणि पिस्टन मुद्दाम सावकाश खाली ठेवतो. पुढे फारसं बोलावं लागत नाही.

यातली खरी फसवणूक अशी, की कमजोर पंप रोजच्या वापरात अजिबात कळत नाही. सिग्नलला, बाजारात, अगदी हायवेवर ऐंशीच्या वेगातही तो गुणी बाळासारखा वागतो. तो कमी पडतो तो फक्त पाय पूर्ण दाबल्यावर, म्हणजे जिच्यासाठी एवढा खटाटोप केला नेमक्या त्याच घटकेला.

मग मी आणि भाचा कागद-पेन घेऊन बसलो. टर्बो पेट्रोल इंजिनाला पूर्ण ताकदीवर दर अश्वशक्तीमागे ताशी साधारण 0.36 लिटर पेट्रोल लागतं, असं धरून चालतात. म्हणजे 300 अश्वशक्तीला जेमतेम 110 लिटर. वर पाव हिस्सा राखीव धरला तरी 140च्या आत. भाच्याचा चेहरा उजळला. "म्हणजे 255 डबल झाले ना!"

तर नाही. डब्यावरचा आकडा ठरावीक दाबाला आणि ठरावीक व्होल्टेजला मोजलेला असतो. सहसा 3 बारच्या आतबाहेर आणि 13.5 व्होल्ट. या गाडीत इंजेक्टरच्या मागे 3 बार दाब लागतो, पण तो इंजेक्टरच्या पुढच्या बाजूला जे काही असेल त्याच्या वर. टर्बोने तिथे दीड बार बूस्ट भरला की प्रेशर रेग्युलेटर पेट्रोलचा दाबही तेवढाच चढवतो, म्हणजे पंपाला साडेचार बारच्या विरुद्ध ढकलावं लागतं. आमच्या सोसायटीत तळमजल्याच्या नळाला पाणी धो धो येतं आणि चौथ्या मजल्यावरच्या शॉवरखाली माणूस साबण लावून उभाच राहतो, तसंच हे. दाब वाढेल तसा प्रवाह घटतो. त्यामुळे पंप निवडताना डब्यावरचा मोठा आकडा बघू नये, कंपनीने दिलेला दाब आणि प्रवाहाचा आलेख बघावा. जी कंपनी आलेखच देत नाही तिचा पंप घरातल्या कूलरला लावावा.

तेवढ्यात भाच्याने पुढची उडी मारली. मग 450वालाच घेऊ! हा तरुणपणाचा दोष आहे, औषध नाही. गरजेपेक्षा फार मोठा पंप लावला की जादा पेट्रोल परतीच्या नळीने टाकीत येतं. ती नळी आणि रेग्युलेटर जुन्या पंपाच्या हिशोबाने केलेले. त्यांना तो लोंढा झेपला नाही तर गाडी नुसती उभी असतानाही दाब चढलेला राहतो, मिश्रण जाड होतं, प्लग काळे पडतात. शिवाय हे पेट्रोल इंजिनाची ऊब घेऊन टाकीत परत येतं आणि टाकीतलं सगळं पेट्रोल हळूहळू तापवतं. या पंपाची मोटर पेट्रोलातच बुडालेली असते, पेट्रोलच तिला थंड ठेवतं आणि वंगणही तेच. म्हणून काटा सतत तळाला ठेवून "अजून तीस किलोमीटर जाईल" असं म्हणणाऱ्यांचे पंप लवकर जातात. आमच्या घरात या सवयीचे लोक तीन पिढ्या आहेत.

व्होल्टेजची गोष्ट तर आणखी मजेशीर. वीस वर्षांची गाडी, टाकीपर्यंत जाणारी वायर सुतळीएवढी, रिलेच्या पायांवर हिरवट गंज. डायनॅमो पुढे 14 व्होल्ट देत असतो आणि पंपाच्या सॉकेटला मल्टिमीटर लावला, एसी आणि हेडलाइट चालू केले, की आकडा बाराच्या खाली. नवा महागडा पंप अशा वायरवर टाकला की तो जुन्यासारखाच वागतो. बॅटरीपासून जाड वायर, स्वतंत्र रिले आणि फ्यूज, आणि अर्थ थेट बॉडीला खरवडून घट्ट केलेला: कित्येकदा पंपाचं निम्मं दुखणं एवढ्यावर बरं होतं. पण वायर बदलल्याचं चारचौघांत सांगता येत नाही, हीच तिची अडचण.

आणि मग डुप्लिकेटचा बाजार. जे नाव गाजतं त्याची नक्कल आधी निघते, आणि या पंपाच्या नकला तर जगभर झाल्या आहेत. खोका तोच, स्टिकर तेच, पार्ट नंबरसुद्धा तोच. विकणारा डोळ्यांत डोळे घालून सांगतो, "साहेब, ओरिजिनलच आहे, फक्त बिल नाही." निम्म्या भावात मिळणारा अस्सल पंप हा प्रकार मी तरी पाहिलेला नाही. अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलाने घ्यावा, आणि तरीही शंका उरलीच तर मोजून बघावा. मिस्त्रीने आमच्यासमोर तसंच केलं. परतीची नळी मापाच्या कॅनमध्ये सोडली, शेजारी आग विझवायचं नळकांडं ठेवलं, बिडी ओढणाऱ्या पोऱ्याला गेटबाहेर काढलं आणि घड्याळ लावून पंप अर्धा मिनिट चालवला. अर्ध्या मिनिटात दोन लिटरच्या वर, म्हणजे ताशी अडीचशेच्या घरात. मला मनापासून समाधान वाटलं. छापलेला आकडा आपल्या डोळ्यांदेखत खरा ठरावा, हे सुख हल्ली दुधाच्या पिशवीतही मिळत नाही.

एक हिशोब मात्र आमचा राहत होता, तो मिस्त्रीने घातला: इथेनॉल. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असतं. ते उसाचं असतं, मक्या-तांदळाचंही असतं, पण कोल्हापूरच्या माणसाला ते आपलंच वाटतं. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असल्याने तेवढ्याच हवेला ते जास्त लागतं. वीस टक्क्यांच्या मिश्रणाला सात-आठ टक्के जादा प्रवाह हवा, म्हणजे आमच्या राखीव पाव हिश्श्यातला तिसरा वाटा तिथेच गेला. त्यात ते पाणी ओढतं आणि जुन्या रबराशी त्याचं पटत नाही. म्हणून पंप घेताना तो इथेनॉलला चालणारा आहे ना, हे विचारायचं, आणि टाकीतल्या नळ्याही त्याच जातीच्या घ्यायच्या. साधी रबरी नळी पेट्रोलात बुडवून ठेवली की बाहेरूनही खाल्ली जाते. 255वाला या सगळ्याला पुरून उरतो असं ठरलं. म्हणजे भाचा पहिल्या वाक्यातच बरोबर होता. पण ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसताना बरोबर असणं मला मंजूर नाही.

बसवायच्या दिवशी मागची सीट निघाली. खाली एक बिस्कीट, दोन नाणी, लहानपणीचा एक खडू आणि गोल झाकण. झाकणाखालची प्लास्टिकची मोठी चकती आटे धरून बसलेली. मिस्त्रीने तिच्या दात्यांवर लाकडाचा तुकडा टेकवून हातोडीने हळूहळू ठोकत ती फिरवली. लोखंड इथे चालत नाही, ठिणगीचं कारण. जुना पंप वर आला तेव्हा त्याची जाळी तपकिरी चिखलाने लिंपलेली होती. टाकीच्या तळाशी तोच गाळ. तो पुसून काढल्याशिवाय आणि नवी जाळी लावल्याशिवाय नवा पंप आत जाऊ द्यायचा नाही, यावर मिस्त्री अडून बसला, आणि त्याचं बरोबर होतं. बहुतेक पंप म्हातारपणाने मरत नाहीत, घाण खाऊन मरतात.

संध्याकाळी गाडी घरी आली. बहीण मागे बसली, एक चक्कर झाली.

"पिकअप वाढला का रे?"

"नाही आई. तो टर्बो लावल्यावर."

"ॲव्हरेज?"

"नाही."

"आवाज?"

"कमी झाला थोडा."

ती काही क्षण गप्प बसली. मग नाक वर करून म्हणाली, "पण वास येतोय पेट्रोलचा. आधी नव्हता येत."

भाच्याने गाडी तिथेच बाजूला घेतली. चकतीखालचं रबरी सील पेट्रोलात राहून फुगतं, एकदा बाहेर काढलं की पुन्हा खाचेत नीट बसत नाही, म्हणून ते दर खेपेला नवं घालायचं असतं. मिस्त्रीने नवं आणायला सांगितलं होतं. भाच्याने पंपावर हजारो मोजले होते आणि सीलचे पैसे वाचवले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सीट निघाली. या वेळी बहीण सोबत गेली, सील स्वतःच्या पर्समध्ये घेऊन.