चौथं पोर्ट

संध्याकाळी भाईंदरच्या जेसल पार्क चौपाटीवर माणसं खाडीकडे तोंड करून बसतात. समोर पाणी असतं, पुलावरून नायगाव-वसईकडे धडधडत जाणाऱ्या लोकल असतात, हातात भेळ असते. त्याच वेळी आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर तीन छत्र्या आणि एक माणूस खाडीकडे पाठ करून उभे असतात. छत्र्यांचा नाइलाज आहे. टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या माथ्यावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, म्हणजे आपल्या दक्षिणेला; खाडी पडली उत्तरेला. माणसाचा तसा काही नाइलाज नाही, पण खाडीत बघण्यासारखं काही असतं असं त्याला इतक्या वर्षांत वाटलेलं नाही. हे आमचे डिशकाका.

काकांना टीव्हीचं वेड आहे असा नव्या भाडेकरूंचा समज होतो. काका टीव्ही बघतच नाहीत. त्यांच्या पडद्यावर सदैव 'सिग्नल क्वालिटी'ची ती हिरवी पट्टी. ती ७० च्या वर गेली, चॅनल लागलं, माणूस दिसायला लागला, की काकांचा त्यातला जीव गेला. लग्न जुळवून झालं की मध्यस्थ जसा जेवून हात धुतो आणि पुढच्या स्थळाच्या मागे लागतो, तसे ते लगेच पुढच्या उपग्रहाकडे वळतात.

पहिली छत्री दोन फुटांची, ९३.५ अंश पूर्वेला लावलेली, दूरदर्शनच्या फ्री डिशची. महिन्याचा खर्च शून्य. ही काकूंच्या नावावर. दुसरी सहा फुटी, ६८.५ वर. तिसरी आठ फुटी, जाळीची, १०५.५ वर. १९९१ मध्ये स्टार टीव्ही आपल्याकडे उतरला तो याच १०५.५ वरून, त्यामुळे काका त्या जागेला 'आमचं मूळ गाव' म्हणतात. मूळ गावात आता ओळखीचं कोणी उरलेलं नाही. तिथून येतात त्या बहुतेक आम्हाला न कळणाऱ्या भाषांतल्या बातम्या. पण म्हणून गाव कोणी सोडतं का?

छत्र्या तीन आणि डबा एक. डब्याला मागे केबल खुपसायला भोक एकच. इथून काकांचं खरं आयुष्य सुरू होतं. मी एकदा जिन्यात चुकून विचारलं, "काका, तिन्ही वायरी एकत्र पिळून लावल्या तर?" काका दोन पायऱ्या खाली उतरून आले.

"आपली वार्षिक सभा पाहिलीयस ना? सगळे एकदम बोलतात आणि इतिवृत्तात काहीच येत नाही. तसं होईल."

म्हणून मध्ये डायसेक स्विच. काडेपेटीहून थोडा मोठा पत्र्याचा तुकडा, आत जायला चार पोर्टं, बाहेर यायला एक. गंमत अशी की हुकूम त्याच केबलमधून वर जातो जिच्यातून चित्र खाली येतं. डब्याने १३ व्होल्ट सोडले की उभी लहर धरायची, १८ सोडले की आडवी. आणि त्यावर २२ किलोहर्ट्झची शिटी तुटक तुटक वाजवली की ती झाली चिठ्ठी: आता दुसरं दार उघड, बाकीची लाव. ही संकेतांची भाषा युरोपातल्या युटेलसॅटने ठरवली. २२ किलोहर्ट्झ माणसाच्या कानाला ऐकू येत नाही. काका मात्र रिमोट दाबून, मान तिरकी करून, ऐकू आल्यासारखा चेहरा करतात.

हा स्विच गच्चीवर श्रीखंडाच्या डब्यात राहतो. डबा उपडा, खाली भोकं, आणि केबलला डब्याआधी एक झोळ दिलेला, म्हणजे पावसाचं पाणी झोळातूनच गळून जातं, सांध्यात शिरत नाही. खाडीच्या खाऱ्या हवेत कनेक्टर टिकत नाहीत. दर वर्षी मे महिन्यात काका भाईंदरहून गाडी पकडून ग्रँट रोडला उतरतात, लॅमिंग्टन रोडवरून कनेक्टरांची पुडी आणतात आणि घरी येताना काकूंसाठी श्रीखंड आणतात. काकूंना श्रीखंड आवडत नाही.

काकूंचं काय चालतं, हे विचारायला हवं. सहा फुटी छत्री ६८.५ साठी इथे जवळजवळ आभाळाकडेच तोंड करते, साधारण ६७ अंशांत. म्हणजे गच्चीवर मांडलेलं मोठं ताटच की! एका उन्हाळ्यात काकूंनी त्यावर धोतराचं फडकं अंथरून कुरडया घातल्या. काका खाली क्वालिटी बघत होते. ती ७२ वरून ६४ वर आली. काका धावत वर.

"अहो, सरका, ऊन अडतंय," काकू म्हणाल्या.

बराच वेळ वाटाघाटी झाल्या. ठरलं असं की मार्चच्या पूर्वार्धात ताट मोकळं ठेवायचं, कारण त्या दिवसांत दुपारी एकच्या सुमारास सूर्य बरोबर उपग्रहाच्या पाठीमागे येतो, त्याच्या गदारोळात सिग्नल काही मिनिटं बुडतो, आणि हा सोहळा काकांना निर्विघ्न बघायचा असतो. तेव्हा ते शेजारपाजारच्यांना बोलावतात. काहीही न दिसणारा पडदा आम्ही सात-आठ जण हात जोडल्यासारखे बघत बसतो. पन्हं मात्र छान असतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पुन्हा योग येतो, तेव्हा नुसता चहा.

पावसाळ्यात न्याय उलटा होतो. फ्री डिशच्या केयू बँडची लहर जेमतेम अडीच सेंटिमीटरची, मुसळधार पावसात थेंबांतच मुरते. मोठ्या छत्र्यांच्या सी बँडची लहर तिच्या तिप्पट, तिला पावसाचं सोयरसुतक नाही. त्यामुळे जुलैत संध्याकाळी सातला, रस्त्यात गुडघाभर पाणी, गाड्या चालू की बंद हे काकूंना सह्याद्रीवरच्या बातम्यांत ऐकायचं असतं, नेमकं तेव्हा सह्याद्री गायब. आणि मूळ गावचा निवेदक खणखणीत, चकाचक, कोट घालून, आपल्याला न कळणाऱ्या भाषेत कसलीशी आनंदाची बातमी देत असतो. "बघ, क्वालिटी ८१!" काका म्हणतात. काकू तोवर आमच्याकडे येऊन आमच्या मोबाईलवर बातम्या लावून बसलेल्या असतात.

सी बँडचा हा ताठाही २०२२ च्या ऑक्टोबरनंतर उतरला. फाइव्ह जी आलं, त्याच्या लहरी सी बँडला अगदी खेटून, आणि हिरवी पट्टी थरथरायला लागली. काकांनी पुन्हा लॅमिंग्टन रोड गाठून फिल्टर आणला. आता मोबाईल टॉवर दिसला की ते भाऊबंदकीतल्या माणसाकडे बघावं तसं बघतात.

मध्ये सेक्रेटरींनी नोटीस काढली: गच्चीवरील छत्र्यांमुळे गळती होते. काकांनी लेखी उत्तर दिलं की गळती पाण्याच्या टाकीची आहे, छत्र्यांना तर पाणी वाहून जायला भोकं आहेत. प्लंबर आला, टाकीच निघाली. तेव्हापासून काकांकडे गच्चीची एक चावी अधिकृतपणे असते, आणि लोकांनी कंपनी बदलताना गच्चीवर बेवारस टाकून दिलेल्या छत्र्यांची काळजीही. त्यांची तोंडं ते अधूनमधून पुसतात.

स्विचचं चौथं पोर्ट अजून रिकामं आहे. पंगतीत पाहुण्यासाठी एक पान मांडून ठेवावं तसं काकांनी ते रबरी टोपी घालून ठेवलंय. बेवारस छत्र्यांपैकी कुठलीच त्यांना पसंत नाही, सगळ्या वाकलेल्या. तुमच्या गच्चीवर चांगली, न चेपलेली छत्री पडून असेल, तर भंगारवाल्याला देऊ नका. जेसल पार्कला उतरून कोणालाही डिशकाका विचारा. काका वर असतील, हाक मोठ्याने मारा.