ओ हॅलो!

(रंगमंचावर स्टूल आणि माईक. पन्नाशीचा गृहस्थ येतो, माईकवर बोटानं टकटक करतो.)

हॅलो... हॅलो... मागच्या रांगेत येतोय का आवाज? येतोय? बरं.

आता सांगा, मी तुम्हाला नमस्कार केला का? मुळीच नाही. मी आवाज तपासला. ज्यांना वाटतं हॅलो म्हणजे इंग्रजीतला रामराम, त्यांनी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यावं. तिथं पहाटे पाण्याच्या आधी ज्ञान येतं. आणि पाण्यापेक्षा जास्त दाबानं!

परवा काय आलं? टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलच्या प्रेयसीचं नाव होतं मार्गारेट हॅलो. त्यानं पहिल्याच फोनवर तिचं नाव घेतलं, म्हणून सगळं जग हॅलो म्हणतं. खाली जोडलेल्या हातांचा ढीग.

अहो, मार्गारेट नाव आणि हॅलो आडनाव ना? मग प्रेमात पडलेला माणूस आडनावानं हाक मारेल? (लाडात) "कुलकर्णी... जेवलात का?"

बेलच्या बायकोचं नाव मेबल हबर्ड. पाच वर्षांची असताना स्कार्लेट फीवर झाला आणि तिचं ऐकणं कायमचं गेलं. ज्यानं जगाला टेलिफोन दिला, त्याच्या बायकोला टेलिफोन ऐकू येत नव्हता! एवढं खरं हाताशी असताना लोकांना मार्गारेट कशाला लागते? 1877 च्या जुलैत लग्न झालं आणि गड्यानं टेलिफोन कंपनीतले आपले जवळजवळ सगळे शेअर तिच्या नावावर केले. स्वतःकडे ठेवले फक्त 10. चहापाण्याला.

(एका प्रेक्षकाकडे बघून) वहिनी, इकडं बघा. त्यांच्याकडे नको.

बरं, बेल स्वतः फोनवर काय म्हणायचा? अहोय! खलाशी दुसऱ्या जहाजाला आरोळी देतात ना, ती. शेवटपर्यंत हट्टानं तेच. हे रुजलं असतं तर? (फोन उचलल्याचा अभिनय) "अहोय!" "अहोय!" जगातला प्रत्येक पुरुष लग्नाआधीच 'अहो' झाला असता!

वाचवलं एडिसननं. तेव्हा दोन टोकांमधली तार कायम जोडलेली असायची. पलीकडच्याला फोनपाशी बोलवायचं कसं? घंटा बसवायची का? 15 ऑगस्ट 1877 ला एडिसननं पिट्सबर्गच्या एका तारकंपनीच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं. मतलब असा, की घंटा कशाला? हॅलो म्हणा, 10 ते 20 फुटांवर ऐकू जातं.

आणि हे कुणी लिहावं? (कानामागे हात धरून) एडिसनला लहानपणापासून कमी ऐकू यायचं! आता कळलं, आमच्या आत्या फोनवर एवढ्या का ओरडतात? उगाच नावं ठेवत होतो. घराणेदार गायकी आहे ती!

शब्द काही एडिसननं पाडला नाही हं. त्याची भावकी जुनी. शिकारीत कुत्र्यांना चेव आणायला 'हॅलू', लांबच्याला हाक मारायला 'हॅलो', आणि फ्रेंचांचं 'होला', म्हणजे ए, थांब तिथंच! छापील हॅलो अमेरिकेत 1820 च्या दशकातच दिसतो, पण बऱ्याचदा आपल्या 'अरेच्चा'सारखा. खानदानात नमस्कार कुठंच नाही, सगळा आरडाओरडा. पुढं टेलिफोन एक्स्चेंज निघाली, तिथल्या मुलींना लोक 'हॅलो गर्ल' म्हणू लागले, आणि हे ओरडणारं पोर सोफ्यावर बसायला शिकलं.

साहेब त्याचं मूळ विसरला. आपण? रिक्षाच्या रांगेत कुणी मधे घुसू द्या. (हात उगारून) "ओ हॅलो!" हा शुद्ध, अस्सल, फ्रेंच होला! आणि आपल्याला कुणी फ्रेंच शिकवलेलं नाही.

2022 च्या गांधी जयंतीपासून राज्य सरकारनं आपल्या कर्मचाऱ्यांना फोनवर हॅलोऐवजी 'वंदे मातरम्' म्हणायला सांगितलं. छान. सुरुवात झाली. पण हॅलोची खरी ड्यूटी मधेच असते. गाडी कसारा घाटातल्या बोगद्यात शिरते, पलीकडचा गप्प होतो, आणि आपण... हॅलो? हॅलो? हॅ...लो? तिथं काय म्हणायचं, ते अजून तरी माझ्या वाचनात नाही.

शिवाय एक हॅलो तोंड लपवायचा. "हॅलो... आवाज तुटतोय... नंतर बोलू." हा ना फ्रेंचांचा, ना एडिसनचा. हा आपला!

(खिशातला फोन वाजतो. नाव बघून ताठ होतो. उचलतो.)

बोल गं... (माईक झाकून, प्रेक्षकांना) "अहो" म्हणाली. बेलची पार्टी. (फोनवर) काय? वीजबिल? आजच शेवटची तारीख होती? (इकडंतिकडं बघतो) हॅलो... हॅलो... अगं, आवाज तुटतोय... हॅलो...

(फोनमधून कर्कश स्त्रीस्वर: "ओ हॅलोऽऽ!" तो फोन हातभर लांब धरतो. पहिल्या रांगेकडे बघतो, मग पाचव्या.)

तिथं आला? 20 फूट. बरोबर आहे पत्रातलं.

(अंधार.)